आत्मा अमर, तरी वैमानिक मोजून

जर्मन विमान ब्रिटनवर पाडले गेले आणि त्याचा वैमानिक पॅराशूटने खाली येऊ लागला, तर त्याच्यावर गोळ्या झाडाव्यात का? एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांनी १९४१ मध्ये सरकारला सादर केलेल्या अहवालात याचे उत्तर आहे: झाडू नयेत. तो जमिनीवर पोचताच कैदी होणार, म्हणजे लढाईपुरता तो संपलाच. पण डाउडिंग तिथे थांबले नाहीत. आपला वैमानिक त्याच आकाशातून उतरत असेल, तर तो आपल्याच शेतात पडणार आणि कदाचित दुसऱ्याच दिवशी नव्या विमानात बसणार. तेव्हा त्याच्यावर गोळी झाडायचा जर्मनांना अधिकार आहे, असेही त्यांनी लिहून ठेवले. त्यांचा स्वतःचा मुलगा डेरेक ब्रिटनवरच्या १९४० च्या हवाई लढाईत ७४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून लढला होता. पोटचा पोर ज्या आकाशात होता, तिथे शत्रूचा हक्क इतक्या सरळपणे मान्य करायला वेगळ्या घडणीचे मन लागते.

डाउडिंग १९३६ पासून ब्रिटनच्या फायटर कमांडचे प्रमुख होते. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर १९४० या काळात लुफ्तवाफेने, म्हणजे जर्मन हवाई दलाने, ब्रिटनवर केलेला हवाई हल्ला ज्या यंत्रणेने परतवला, ती त्यांनी उभी केली होती. मितभाषी, लोकांत न मिसळणारा हा माणूस. सहकारी त्यांना ‘स्टफी’ म्हणत. पत्नी १९२० मध्येच वारली होती.

आणि मेलेली माणसे खरोखर मरत नाहीत, असे ते मानत. १९४३ मध्ये त्यांचे ‘मेनी मॅन्शन्स’ हे पुस्तक आले. मृत सैनिक माध्यमांतून बोलतात, त्यांचा प्रवास पलीकडे चालू असतो, असे त्यात मांडलेले आहे. पुनर्जन्मावर, थिऑसफीच्या विचारांवर त्यांची श्रद्धा होती. ब्रिटिश चरित्रकार या भागाशी येऊन जरा अवघडतात आणि म्हाताऱ्या योद्ध्याचा छंद म्हणून तो बाजूला ठेवतात. मराठी वाचकाला तसे करता येत नाही, कारण हा प्रश्न त्याच्या घरचा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला जो पहिला युक्तिवाद ऐकवला जातो, तो हाच: आत्मा मारला जात नाही, म्हणून शोक करू नकोस, उठ आणि लढ. मग पुढचा प्रश्न टळत नाही. कोणी मरतच नसेल, तर कोणाला वाचवायची तरी एवढी धडपड कशासाठी?

डाउडिंग यांनी याचे उत्तर कुठल्या पुस्तकात दिले असेल-नसेल, १९४० च्या उन्हाळ्यात ते कृतीत दिसते. मे महिन्यात फ्रान्स कोसळत होता आणि आणखी लढाऊ विमाने पाठवा म्हणून पॅरिसहून विनवण्या येत होत्या. १५ मे रोजी डाउडिंग युद्धमंत्रिमंडळापुढे स्वतः गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी हवाई मंत्रालयाला पत्र लिहिले. देशाच्या रक्षणाला ५२ स्क्वाड्रन लागतील असे ठरले होते, हाती ३६ उरल्या आहेत. मागे किती ठेवायच्या ते एकदा ठरवा आणि मग त्यातली एकही पाठवू नका. तरीही काही विमाने गेलीच, पण थोड्याच दिवसांत हा ओघ थांबला. मित्रदेश बुडत असताना हात आखडता घेणे फ्रेंचांना निष्ठुर वाटले, आणि त्यांच्या जागेवरून पाहिले तर ते निष्ठुरच होते. पण विमानामागे माणूस असतो आणि तो कारखान्यात तयार होत नाही, हे डाउडिंग यांच्याइतके त्या दालनात कोणाला टोचत नसावे.

बचावाची सारी रचनाच या टोचणीतून घडलेली दिसते. किनाऱ्यावरची रडार केंद्रे आणि आत देशभर पसरलेले निरीक्षक यांच्याकडून येणारी माहिती नियंत्रण कक्षातल्या मोठ्या नकाशावर उमटे. भोवती उभ्या तरुणी लांब काठ्यांनी सोंगट्या सरकवत. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे पट्टे असत. काटा ज्या रंगावर असेल त्या रंगाची खूण सोंगटीवर लागे. रंग मागचा असला की बातमी शिळी, हे एका नजरेत कळे. हा खटाटोप कशासाठी? वैमानिकांना दिवसभर आकाशात उगाच गस्त घालायला लावून दमवायचे नाही, गरज असेल तिथेच आणि तेव्हाच उडवायचे, यासाठी. आग्नेय इंग्लंड सांभाळणारे कीथ पार्क यांनी १९ ऑगस्टला आपल्या नियंत्रकांना बजावले, की मोठ्या टोळ्यांशी जमिनीवरच्या आकाशात किंवा किनाऱ्याच्या टप्प्यातच भिडा, समुद्रात पडून वैमानिक गमावू नका. विमानांच्या काचा बुलेटप्रूफ हव्यात म्हणून डाउडिंग यांनी हट्ट धरला. शिकागोच्या गुंडांच्या मोटारींना तशा काचा मिळतात, मग माझ्या वैमानिकांना का नाहीत, हा त्यांचा सवाल प्रसिद्ध आहे.

अमरत्वावर विश्वास असलेला माणूस काचेच्या जाडीसाठी भांडतो, यात विसंगती नाही. आत्मा अमर आहे हा मेलेल्याच्या आप्तांना द्यायचा दिलासा आहे. ज्याच्या हाती हुकूम आहे, त्याने तो स्वतःसाठी वापरला, की माणसे स्वस्त होतात. अध्यात्माचे बोट धरून कठोर झालेले सेनापती इतिहासात कमी नाहीत. डाउडिंग त्यांच्यात बसत नाहीत, आणि त्यांची खरी थोरवी लढाई जिंकण्याइतकीच इथेही आहे.

तरी हिशेब स्वच्छ राहिला नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला अनुभवी वैमानिक संपत आले, तेव्हा डाउडिंग यांनी स्क्वाड्रनचे तीन वर्ग पाडले. शिकाऊ पोरे शांत भागातल्या ‘सी’ वर्गात ठेवायची आणि तिथले तयार वैमानिक काढून आग्नेयेकडच्या ‘ए’ वर्गाला पुरवायचे. नवख्यांना पहिल्याच झटापटीत मरू न देण्याची ही सोय होती, पण तिचे ओझे आधीच थकलेल्या त्याच त्या खांद्यांवर गेले. त्या चार महिन्यांत फायटर कमांडचे पाचशेहून अधिक वैमानिक आणि सहकारी मेले. नोव्हेंबरात डाउडिंग यांनाच पदावरून हलवण्यात आले.

१९५१ मध्ये त्यांनी म्युरिएल व्हायटिंग यांच्याशी लग्न केले. त्यांचे पहिले पती बॉम्बर विमानातून गेले ते १९४४ मध्ये परतले नव्हते. दोघेही शाकाहारी. १९५९ मध्ये म्युरिएल यांनी ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही प्राणिरक्षणाची चळवळ सुरू केली. तिच्या भारतीय शाखेचे काम पुण्यातून चालते, हे अनेक पुणेकरांनाही ठाऊक नसते.

लॉर्ड झालेले डाउडिंग वरिष्ठ सभागृहात प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध बोलत. प्राण्यांच्या वेदनेतून माणसाचा फायदा होतो हे सिद्ध झाले, तरी ती वेदना देणे गैरच, अशी त्यांची भूमिका होती. पुष्कळांसाठी थोड्यांना खर्ची घालायचे, याच गणितावर १९४० ची लढाई उभी होती. तेच गणित मांडणारा सेनापती प्रयोगशाळेतल्या उंदराच्या बाबतीत ते साफ नाकारतो. संमतीचा फरक इथे मोठा आहे. विमानात चढणाऱ्या पोराने निदान ‘हो’ म्हटले होते, उंदराला कोणी विचारलेच नव्हते. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचे ते ‘हो’ किती जाणतेपणाचे मानायचे, हा प्रश्न सभागृहात कोणी त्यांना विचारायला हवा होता. त्याचे उत्तर देण्याचा अधिकार त्यांच्याइतका फार थोड्यांना होता.