जेथे जनावराची वाट संपली
(नहेम्या २ : ११-१६)

नहेम्या यरुशलेमेस पोहोचला तेव्हा त्याच्या हाती राजाची पत्रे होती. तरी त्याने येताच बांधकामास हात घातला नाही. तीन दिवस थांबून, रात्री थोडकी माणसे बरोबर घेऊन, तो पडका तट पाहावयास निघाला. राजाच्या तळ्यापाशी त्याच्या जनावरास पुढे वाट उरली नाही. तरीही तो ओढ्याच्या बाजूने वर चढला, आणि तट पाहूनच परतला.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा ह्या तालुक्यांत सातपुड्याच्या डोंगरांवर भिल्ल व पावरा लोकांचे पाडे विखुरलेले आहेत. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालात दारिद्र्यात हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत पुढे होता. निम्म्याहून अधिक लोक गरीब गणले गेले. आकडा खोटा नव्हे, पण आकड्यास पाय नसतात. अडलेल्या बाईस बांबूच्या झोळीत घालून माणसे डोंगर उतरतात, तेव्हा वाटेत किती नाले लागतात, हे त्यात कोठे आहे? ह्याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पुढे रेशनच्या दुकानी अंगठ्याचे यंत्र आले. परंतु जेथे मोबाइलची रेंज नाही, तेथे अंगठा असून धान्य अडते!

रॉबर्ट चेंबर्स ह्या इंग्रज अभ्यासकाने १९८३ सालच्या ग्रंथात दाखविले की, पाहणी करणारे बहुधा सडकेच्या कडेने व कोरड्या ऋतूत हिंडतात. सातपुड्यात तर दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीस गुजरातेत जातात. त्या दिवसांत येणारास वाट मोकळी मिळते, पण घरचे दार बंद असते.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांस वाटा व बोली ठाऊक, म्हणून पाहणीच्या कामी तुम्हांस बोलावणे येईल. शाळेच्या ओट्यावर बसून यादी भरणे सोपे. आपल्याच मंडळीची घरे तेवढी दाखविणे त्याहून सोपे. नहेम्याने काय आपल्याच भाऊबंदांच्या दारापुढील भिंत पाहिली? रेशनास किती चालावे लागते, रेंज कोणत्या टेकडीवर मिळते, त्यापायी मजुरी बुडते काय, हे घरोघर विचारा. कोणी आजी उत्तर देत नसेल तर तिला पीडू नका. आजवर पुष्कळांनी तिच्याकडून लिहून नेले. वाचून कोणी दाखविले? तुम्ही लिहिलेले तिच्या बोलीत तिला ऐकवा, आणि ती सांगेल तेथे दुरुस्त करा. ह्या पावसाळ्यात, नाल्यास उतार मिळेल त्या दिवशी, आपण प्रत्येकाने निदान एका शेवटच्या पाड्यापर्यंत पायी जावे, आणि किती वेळ लागला तो वहीत मांडावा.