जुना स्वेटर

५८ पुरी झाली, झेडपीच्या शाळेतून सुटले. आता सकाळी परसात मेथी-आळू, दुपारी सुया. नवी लोकर घेत नाही. बाजारच्या दिवशी जुन्या कपड्यांच्या ढिगातनं स्वेटर आणायचा, उसवायचा, लडी धुऊन वजन टांगून वाळवायच्या, म्हणजे धाग्याचे वळसे जातात. काटकसरी बाई म्हणून कौतुक होतं. पण त्याच ढिगाशी ऊसतोडीची बाई पोराच्या मापाचं काही शोधत असते. पहाटे फडावर न्यायचं असतं त्याला. पेन्शनवालीनं तिच्या आधी हात घालावा का? शेजारीण म्हणते, "अगं, तू नाही घेतलास तर दुसरं कुणी घेईल." हे काय उत्तर झालं? मी आताशा भोकं पडलेलेच उचलते. धागा तुटका निघतो, गाठी मारत बसते. वेळ आहेच.