आवाज वजा केल्यावर

रायफल अजून पेटीतच राहू द्या. बाकावर बसा, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवा, चष्मा आणि कानांवरचे मफ चढवा, आणि थोडा वेळ काहीच करू नका. चार बाकांपलीकडे कुणीतरी हरणाच्या शिकारीची मोठी रायफल तपासत आहे. तिचा बार झाला की तो कानांआधी छातीला कळतो आणि तुमचे खांदे आपोआप वर चढतात. चढू द्या. ते चढतात एवढे फक्त पाहून ठेवा. पुढचा बार कधी होईल हे ठाऊक नसले तरी शरीर त्याची वाट पाहत असते. मान आखडते, जबडा आवळला जातो, श्वास अर्ध्यावर अडकतो. नवख्याचा नेम बहुतेक वेळा इथेच चुकतो, डोळा आणि हात यांची पाळी येण्याच्या कितीतरी आधी.

म्हणून तुमच्यासाठी आज लहान रायफल आणली आहे, पॉइंट टू-टूची, आणि तिच्या नळीच्या तोंडाशी आवाज दाबणारा सप्रेसर बसवलेला आहे.

कायद्याचा रुक्ष भाग आधी उरकून घेऊ. तो मनात खुपत राहिला तर मन ठिकाणावर यायचे नाही. तुम्ही एडिसनहून निघून डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात आला आहात, ते उगाच नाही. न्यू जर्सीत सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगता येत नाही. अमेरिकेतल्या 42 राज्यांत येतो, उरलेल्या आठांत न्यू जर्सी आहे. जिथे चालतो तिथेही 1934 च्या केंद्रीय कायद्याखाली त्याची नोंद, बोटांचे ठसे आणि मंजुरी लागते. त्यावरचा 200 डॉलरचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्यावर आला, नोंदणी मात्र तशीच आहे. ज्याच्या नावावर तो नोंदलेला आहे तो माणूस आज तुमच्या शेजारी बसणार आहे आणि शेवटपर्यंत उठणार नाही. आता आपल्या लोकांच्या फारसे लक्षात नसलेली गोष्ट. तुम्ही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहात म्हणून इथे बसला आहात. एच-वन-बी किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूक किंवा काडतूस बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर रेंजवर घटकाभर हातात घेणेही त्यातच धरले जाऊ शकते. भारतातून आलेल्या आईबाबांना “एकदा धरून तर बघा, फोटो काढतो” म्हणण्याचा मोह होतो. तो आवरा.

झाले. आता तळहात पुढे करा.

त्यावर एक रिकामी पुंगळी ठेवतो. पितळेची, जेमतेम दीड सेंटीमीटर लांब. तिच्या बुडाचा काठ बोटाने चाचपा, एके ठिकाणी खळगा लागेल. मोठ्या काडतुसात ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते. इथे तेच मिश्रण काठाच्या आतल्या पोकळीत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या काठालाच चेपते. काठ एकदा चेपला की पुंगळीचे आयुष्य संपले. ती पुन्हा भरता येत नाही. 1887 पासून हे काडतूस जवळजवळ याच मापात बनत आले आहे. त्यातून सुटणारी नेहमीची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची. एवढीशी गोळी, पण नळी वर उचललेली असेल तर दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते. पुंगळी मुठीत मिटा आणि समोर पाहा. कागदाचे लक्ष्य आहे, त्यामागे मातीचा उंच बांध आहे. त्या बांधाचे आभार मनातल्या मनात माना. तुमचा नेम कितीही वाईट असला तरी गोळी पोटात घ्यायला तो उभा आहे, पण तुम्ही नळी त्याच्याकडे ठेवलीत तरच.

आता सप्रेसर. मोटरसायकलच्या सायलेन्सरचे आणि याचे घराणे अक्षरशः एक आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन इंजिनिअरने 1909 साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले आणि इंजिनांचा आवाज दाबण्याचे कामही पुढे केले. त्याचे वडील हायरम मॅक्सिम म्हणजे मशीनगनचे जनक. स्वतःच्याच बंदुकांच्या आवाजाने त्यांना पुढे नीट ऐकू येईनासे झाले होते. या बापलेकांना मनात थोडा वेळ शेजारी शेजारी बसू द्या.

नळकांड्याच्या आत एकामागे एक पडदे असतात आणि प्रत्येकाच्या मधोमध गोळीपुरते भोक. गोळी सरळ निघून जाते. तिच्या मागून उसळणारा तापलेला वायू मात्र कप्प्याकप्प्यांत अडकतो, पसरतो, निवतो आणि दम गेल्यावर बाहेर पडतो. पॉइंट टू-टू रायफलीचा उघडा आवाज 140 डेसिबलच्या आसपास असतो, आणि अशा धमाक्याने कान दुखावू शकतात ती सीमा तिथेच मानतात. सप्रेसरने यातले वीसपंचवीस डेसिबल कमी होतात. आकडा किरकोळ वाटेल, पण 20 डेसिबल उतरले म्हणजे आवाजाचा दाब दहाव्या हिश्शावर येतो.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. ती ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर हवेत चटका उडतो आणि त्याला कोणतेही नळकांडे अडवू शकत नाही, कारण तो वाटेत जन्मतो. म्हणून आजची काडतुसे मुद्दाम मंद घेतली आहेत, सेकंदाला 320 मीटरच्या आसपास. ध्वनी 20 अंश तापमानाला सेकंदाला 343 मीटर जातो, शून्य अंशाला 331. जुलैत गुपचूप जाणारे तेच काडतूस, थोडे तेज निघाले तर, जानेवारीच्या थंडीत मधूनच चटकते. सिनेमातली ती हलकीशी “फुस्स” विसरा. ती बहुतेकदा साउंड इंजिनिअरची करामत असते.

आता रायफल बाहेर येईल. बोल्ट उघडा आहे, आत काही नाही. तुम्ही पाहा, बोट घालून पाहा, मग मी पाहतो. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल लाकडावर. बोट ट्रिगरपाशी नको, बाजूला सरळ. मफ तसेच राहू द्या, शेजारची रायफल थांबलेली नाही.

पिशवीच्या आधाराची लाज वाटून घेऊ नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळवले ते याच पॉइंट टू-टूवर, 50 मीटर अंतरावर: आधी गुडघ्यावर, मग पोटावर, मग उभ्याने, अंतिम फेरीत 451.4 गुण. त्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटरचे असते, शर्टाच्या बटणाएवढे. त्याला पिशवी नव्हती. त्यामागे काही वर्षे होती, आणि ती वर्षे आज तुमच्याकडे मागितलेली नाहीत.

श्वास घ्या. सोडा. पुन्हा घ्या, आणि सोडताना रायफलीवरच्या दुर्बिणीतली फुली पाहा: छाती भरली की ती खाली येते, रिकामी झाली की वर जाते. नुसते पाहत राहा. श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घेण्याआधी, एक आपोआप आलेला थांबा असतो. तिथे फुली टेकते. हा थांबा ओढून लांबवायचा नसतो. सातआठ सेकंदांपुढे नजर धूसर व्हायला लागते. जमले नाही तर सोडून द्या आणि पुन्हा श्वास घ्या. रेंजवर बार न करणे हासुद्धा एक निर्णय आहे. नवख्यांना तो कुणी शिकवत नाही, याचे मला नवल वाटते.

एक काडतूस. एकच. बोल्ट बंद. आता बोटाचे पेर ट्रिगरवर ठेवा आणि दाब वाढवत जा, पण बार कधी होईल ते ठरवू नका. तो तुम्हाला कळवून होणार नाही.

झाला.

काय ऐकू आले? एक ठसका, पिनेचा टकटकीत आवाज, मग लांबून कागदावर गोळी गेल्याची चाहूल. खांदे कुठे आहेत? बहुतेक जिथे होते तिथेच. याच कारणासाठी एवढा खटाटोप. मोठ्या आवाजाच्या आड माणसाच्या सगळ्या चुका लपतात. दचकलो की नाही, डोळे मिटले की नाही, बोट ओढले की झटकले, हे त्याला स्वतःलाच कळत नाही, कारण धमाक्याने ते सगळे पुसून टाकलेले असते. आवाज वजा केला की बाकी उरता ती तुम्ही.

पुढच्या वेळी मी काडतूस तुम्हाला न दाखवता भरीन. कधी खरे असेल, कधी प्लास्टिकचे खोटे. ट्रिगर दाबाल आणि नुसता टक् असा आवाज येईल. त्या क्षणी नळीचे टोक पाहा. ते खाली झुकले तर शरीराने न झालेल्या बाराला उत्तर दिले आहे. हसू येईल, हसा. मग पुन्हा श्वासाकडे वळा. दोन बारांच्या मध्ये तुमच्याशी साध्या आवाजात, मराठीत बोलता येते, हा या नळकांड्याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा उपकार. ओरडून शिकवलेले भीतीच्या खात्यात जमा होते.

जमू लागले की 50 यार्डांवरची पोलादी चकती घ्या. बार होईल, गोळी तिथवर जाईल, आणि तिचा टण् परत तुमच्यापर्यंत येईल. या सगळ्याला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या फटीत मन कुठे पळते ते पाहा. बहुतेकांचे गुणांकडे पळते. त्या टणत्काराआधी डोके उचलू नका.

आणि आता, सगळे गोड वाटू लागले असताना, एक काळजी. या आवाजाला धाक नाही. मोठी रायफल प्रत्येक बाराला आपण काय आहोत ते ओरडून सांगते; ही सांगत नाही. तासाभरात हात सैलावतात, नळी गप्पांच्या भरात शेजाऱ्याकडे वळते, बोट सवयीने ट्रिगरवर जाऊन बसते. आवाज कमी झाला म्हणून गोळी कमी झालेली नाही. ती तेवढ्याच वजनाची आहे आणि चुकीच्या दिशेला तेवढीच मारक. म्हणून धाक बाहेरून येत नसेल तेव्हा तो स्वतः आणावा लागतो: दर वेळी नळी बांधाकडे, दर वेळी बोट बाहेर, आणि नुसता टक् होऊन बार न झाल्यास नळी समोर धरून निदान तीस सेकंद वाट. सप्रेसर लावलेली लहान रायफल नवख्यासाठी उत्तम, असे मी म्हणतो, पण तिच्याशेजारी जागा माणूस बसलेला असेल तरच. कुणाला “घे, ही काही फार आवाज करत नाही” म्हणून ती हाती देणारा यजमान मला पटत नाही.

थकल्यासारखे वाटले की थांबा, काडतुसे उरली तरी. बोल्ट उघडा, आत पाहा, रायफल खाली ठेवा, बाकापासून मागे या. सप्रेसर गरम असतो, त्याला हात लावू नका. पॉइंट टू-टूच्या गोळ्यांचे शिसे बहुधा उघडेच असते. त्याची पूड आणि काजळी सप्रेसरात साचते, बाकावर पडते आणि तुमच्या बोटांनाही लागलेली आहे. डब्यातले थालीपीठ उघडण्याआधी हात कोपरापर्यंत साबण लावून थंड पाण्याने धुवा, चेहराही धुवा. घरी लहान मूल असेल तर कपडे बदलल्याशिवाय त्याला उचलून घेऊ नका.