संग्रह आणि विवेक

विद्यार्थ्याने किती साठवावे, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी घराच्या भिंतीच देत असत. कपाट भरले की निवड करणे भाग पडे. तो अंकुश आता उरलेला नाही. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा कपाटाएवढ्या त्या यंत्रात ५० तबकड्या असूनही सुमारे ५० लाख अक्षरेच मावत. आज खिशात राहणाऱ्या १ टेराबाइटच्या डिस्कमध्ये तासातासाची, साध्या प्रतीची ध्वनिमुद्रित व्याख्याने १७ हजारांवर बसतात. रोज चार तास ऐकू म्हटले तरी ती संपावयास अकरा वर्षे पुरणार नाहीत!

तेव्हा अडचण जागेची नसून विवेकाची आहे. मिळेल ते उतरवून घेणारा विद्यार्थी आपण ज्ञान मिळवीत आहो अशा समजुतीत असतो. वस्तुतः ‘हे मला कशासाठी हवे?’ हा प्रश्न तो केवळ पुढे ढकलीत असतो.

यावर कोणी म्हणेल की, उद्या काय उपयोगी पडेल हे आज कोणी सांगावे? इतरांनी रद्दी मानलेले कागद इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून मिळविले, म्हणूनच १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध होऊ शकली. आक्षेप बिनतोड दिसतो; परंतु त्यात एक भेद नजरेआड होतो. राजवाड्यांनी वाचविलेल्या कागदाला बहुधा दुसरी प्रत नव्हती. विद्यार्थ्याने उतरवून घेतलेली बहुतेक व्याख्याने मात्र इतरत्र शेकडो ठिकाणी सुरक्षित असतात.

आमच्या मते व्यवस्थेचे खरे प्रयोजन हा भेद ओळखण्यात आहे. आजीच्या आवाजात नोंदलेल्या जात्यावरच्या ओव्या ‘नवीन ३’ अशा नावाने चारशे उसन्या व्याख्यानांत पडून राहिल्या, तर एकमेवाद्वितीय वस्तू आणि सहज मिळणारी वस्तू यांना आपण एकाच मापाने मोजले असे होते. फिरत्या तबकड्यांची डिस्क हातातून निसटली की आतील नाजूक भाग बिघडण्यास क्षण पुरतो. व्याख्याने पुन्हा मिळतील. आजीचा आवाज मिळणार नाही. येथे अव्यवस्था हा केवळ आळस राहत नाही, तो अन्याय ठरतो.

म्हणून प्रथम दोन फोल्डर करावेत: स्वतः निर्माण केलेले किंवा दुसरीकडे न मिळणारे एकात, उतरवून घेतलेले दुसऱ्यात. पहिल्यातील प्रत्येक फाइलला विषय व व्यक्ती यांचे नाव द्यावे. नावाच्या आरंभी २०२५-०६-१४ याप्रमाणे वर्ष, महिना, दिवस लिहावा, म्हणजे यादीत कालक्रम आपोआप साधतो. या फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि शक्य तर वेगळ्या घरी, ठेवावी. दुसऱ्या फोल्डरमधील ज्या फाइलचे प्रयोजन एका वाक्यात सांगता येत नाही, ती निःशंकपणे पुसावी.

हे काम कारकुनी आहे, अशी तक्रार आमच्या कानी येते. पण नाव देण्यासाठी ती वस्तू ऐकावी, पाहावी लागते. आणि पुष्कळदा तेच तिचे पहिले खरे वाचन असते. शिवाय नाव आपल्यापुरतेच नसते. आपल्या पश्चात ती डिस्क ज्या भावंडाच्या अगर मुलाच्या हाती पडेल, त्याला त्यातील आवाज कोणाचा हे सांगणारे तेथे दुसरे कोणी नसेल. सत्राच्या अखेरीस अर्धा दिवस या कामाला द्यावा, एवढीच आमची विद्यार्थ्यांना विनंती आहे.