मुलगा माझा की तुमचा?

संध्याकाळची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो. दाराशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पन्नाशी ओलांडलेले, वाडीच्या कष्टांनी रापलेले, एरवी मितभाषी. त्यांचा थोरला मुलगा आमच्या युवा मंडळाचा उत्साही कार्यकर्ता होता.

"फादर, काल रात्री तो दोन तास तुमच्याकडे बसला होता. काय बोलला?"

"ते तुम्ही त्यालाच विचारा ना," मी म्हणालो.

"घरी तो बोलत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलो."

मी नकारार्थी मान हलवली. गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग आवाज न चढवता म्हणाले, "फादर, मुलगा माझा आहे की तुमचा?"

मी तत्काळ उत्तर दिले, "तो देवाचा आहे." धर्मशास्त्राच्या दृष्टीने उत्तर निर्दोष होते. गृहस्थ "बरं फादर" म्हणून निघून गेले. रात्री जेवताना मला घास गोड लागेना. त्यांचा प्रश्न देवाविषयी नव्हताच. तो माझ्याविषयी होता, आणि देवाचे नाव पुढे करून मी स्वतःची सुटका करून घेतली होती. अशी सुटका करून घेण्याची विद्या आम्हा धर्मगुरूंना सेमिनरीत कोणी शिकवीत नाही, तरी ती आम्हाला उत्तम साधते.

हा प्रसंग माझ्या सध्याच्या धर्मग्रामातील नाही, आणि ओळख पटेल असे सारे मी गाळले आहे. तो मुलगा माझ्याशी काय बोलला, ते मी येथेही लिहिणार नाही. एवढेच सांगतो की ते बोलणे प्रायश्चित्त संस्कारातील नव्हते. तसे असते तर प्रश्नच उद्भवला नसता, कारण त्या संस्काराची गुप्तता कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. हे साधे, विश्वासाने केलेले बोलणे होते. मुलगा वीस वर्षांचा, कायद्याने सज्ञान. तथापि तो ज्या घरात जेवत होता, ज्यांच्या कष्टाच्या पैशावर शिकत होता, त्या घराला त्याच्या मनाचा थांग नव्हता, आणि मला होता. हे न्याय्य होते काय?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एका वेगळ्याच संदर्भात या प्रश्नाला हात घातला आहे. यहुदी मुलांना त्यांच्या आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध स्नानसंस्कार द्यावा काय, असा तो प्रश्न होता. तसे करावे, असे म्हणणारेही होते. थॉमस यांनी स्पष्ट नकार दिला. जन्मापूर्वी मूल आईच्या उदरात असते, जन्मानंतर बुद्धी जागी होईपर्यंत ते आईवडिलांच्या देखरेखीत, जणू एका आध्यात्मिक उदरात वाढत असते. तेथून त्याला ओढून काढणे हा नैसर्गिक न्यायाचा भंग होय, मग हेतू कितीही पवित्र असो. परंतु ते तेथेच थांबत नाहीत. मुलाला स्वतःची बुद्धी व इच्छा वापरता येऊ लागली की ते स्वतःचे होऊ लागते, आणि देवासंबंधीच्या गोष्टींत ते आईवडिलांच्या मर्जीविरुद्धही निर्णय घेऊ शकते. तेव्हाही त्याच्यावर सक्ती नव्हे, त्याचे मन वळविणे एवढाच मार्ग खुला असतो.

हे लिहिणाऱ्या थॉमस यांना स्वतःला काय भोगावे लागले होते, ते लक्षात घेण्याजोगे आहे. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी डॉमिनिकन संघात प्रवेश केला. घराण्याला ते पसंत नव्हते. १२४४ साली मातोश्री थिओडोरा यांच्या सांगण्यावरून सख्ख्या भावांनी त्यांना वाटेत पकडून आणले आणि सुमारे वर्षभर घरच्याच किल्ल्यात अडकवून ठेवले. आईवडिलांचा हक्क इतक्या आग्रहाने मांडणारा हा माणूस घरच्यांच्याच कैदेत दिवस काढलेला होता. त्यामुळे त्या विवेचनातील दोन्ही वाक्यांना वजन आहे. मूल आईवडिलांचे आहे, आणि मूल आईवडिलांचे राहत नाही.

पण मग ते धर्मग्रामाचे होते काय? येथे मला संत लूकच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आठवतो. तो आपण दरवर्षी ऐकतो व पवित्र कुटुंबाचे गोडवे गातो. बारा वर्षांचा येशू वल्हांडण सणानंतर यरुशलेमेत मागे राहिला. मरिया व योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, कारण तो सोबतच्या मंडळीत असेल, असे त्यांना वाटले. हा निष्काळजीपणा नव्हता. आपल्या माणसांवर त्यांचा विश्वास होता. आज आपल्या घरोघरी हेच घडते. "पोरगा कुठे आहे?" "असेल चर्चवर, युवा मंडळात." चर्चवर आहे म्हणजे बरा आहे, या भरवशावर आपण एक दिवसाची नव्हे, कित्येकदा पाच-सहा वर्षांची वाट चालून जातो. मागे वळून पाहतो तेव्हा मुलगा पंचविशीत असतो आणि त्याच्याशी बोलायचे कसे, हे आपल्याला उमगत नाही.

परंतु प्रवचनात मी आजवर कधी न बोललेली एक गोष्ट त्याच अध्यायात आहे. तीन दिवसांनी तो मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला आढळला. ते विद्वान त्याच्या बुद्धीने व उत्तरांनी थक्क झाले होते, असे लूक सांगतो. मात्र "बाळा, तुझे आईवडील कुठे आहेत?" असे त्यांपैकी एकाने तरी विचारल्याचा उल्लेख नाही. विचारले नसेलच, असे मी म्हणत नाही. पण शुभवर्तमानात ते नाही, आणि त्या रिकाम्या जागेत मला माझा चेहरा दिसतो. मुलगा हुशार आहे, गिटार वाजवतो, नाताळच्या गव्हाणीसाठी रात्र रात्र जागतो, मिस्सेत वाचन करतो. मी थक्क होतो, कौतुक करतो, आणखी एक काम सोपवतो. त्याच्या घरी दिवा कोण लावते, जेवणाला कोण थांबलेले आहे, हे मी विचारीत नाही.

त्या गृहस्थांच्या प्रश्नानंतर मी मंडळाची वही काढून बसलो. आमच्या सभा कधी होत? संध्याकाळी साडेसात ते नऊ. म्हणजे नेमकी घरातली जपमाळेची व जेवणाची वेळ. प्रार्थनासंघाची संध्याकाळ वेगळी, नाटकाच्या तालमी वेगळ्या, रविवारी सामने. आगमनकाळात तर मंडळाचा पदाधिकारी आठवड्यातून एक संध्याकाळही घरी सापडत नसे. आणि त्याच आगमनकाळात मी वेदीवरून विचारीत होतो की आपल्या घरांतली जपमाळ का लोपली! लोपली कशी, आम्हीच तिची माणसे पळवली होती.

याचा अर्थ युवाकार्य चुकीचे, असा कोणी काढू नये. तरुणांना समवयस्कांची सोबत हवी, घराबाहेरचे एक विश्वासू माणूस हवे, आणि ज्यांच्या घरात रोज बाटली फुटते त्यांना तर घराबाहेरचा आसराच हवा. तेथे "आईवडिलांना सामील करा" हा उपदेश क्रूर ठरेल. अठरा वर्षांखालील मुलाचे लैंगिक शोषण होत असल्याचे कळले, तर गोष्ट घरची म्हणून झाकता येत नाही आणि चर्चची म्हणूनही झाकता येत नाही. ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. तरुण जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा बोलू लागला, तर दिलेले गुप्ततेचे वचनही बाजूला ठेवावे लागते. पण ही टोके आहेत. बहुतेक घरे टोकाला नसतात. ती नुसती मुकी झालेली असतात.

डॉन बॉस्को यांचे नाव युवाकार्यात सर्वत्र घेतले जाते. तुरीन शहरातील कामाच्या शोधात आलेली, घर नसलेली मुले त्यांनी गोळा केली, हे आपण जाणतो. त्यांनी त्या मुलांना काय दिले? खेळ दिले, शाळा दिली, कारखाने दिले. पण १८४६ च्या नोव्हेंबरमध्ये वाल्दोक्को येथे मुक्काम हलविताना त्यांनी सोबत काय नेले? आपल्या आईला नेले. शेतकऱ्याची विधवा मार्गारिता, अठ्ठावन्न वर्षांची, नातवंडांत रमलेली. ती दहा वर्षे, १८५६ मध्ये मरेपर्यंत, परक्या पोरांचे कपडे शिवीत आणि त्यांच्यासाठी रांधीत राहिली. ज्यांना घर नव्हते त्यांच्यासाठी संस्था पुरेशी नाही, आई हवी, हे त्या संताने ओळखले. आपल्याकडे उलटे घडू पाहते. ज्यांना आई आहे, बाप आहे, त्यांच्यासाठी आपण इतके उत्तम मंडळ चालवतो की घराचे वसतिगृह होते. रात्री निजायला यायचे, सकाळी डबा घेऊन निघायचे.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबतीत संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या घोषणेत आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले. १९८१ साली परमगुरुस्वामी जॉन पॉल दुसरे यांनी कुटुंबावरील पत्रात सांगितले की हा हक्क व हे कर्तव्य दुसऱ्या कोणावर पूर्णतः सोपविता येत नाही. म्हणजे आईवडिलांनी सोपवले तरी मला ते घेता येत नाही! याउलट परमगुरुस्वामी पॉल सहावे यांनी १९७५ मध्ये असेही लिहिले की आईवडील मुलांना शुभवर्तमान देतात आणि तेच शुभवर्तमान मुलांकडून त्यांना परत मिळू शकते. हे दुसरे वाक्य आपल्या पालकसभांत फारसे ऐकू येत नाही.

आता थोडे पालकांविषयी. "सामील व्हा" म्हटले की अनेकांना वाटते, हजेरी तपासा. तो मिस्सेला आला होता का, कुठे बसला, कोणाबरोबर गेला, मोबाइलवर काय पाहतो. एक माउली मला दर रविवारी हा हिशोब मागत असे. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबप्रेमावरील आपल्या पत्रात या वृत्तीचा परामर्श घेतला आहे. मूल शरीराने कुठे आहे यापेक्षा ते मनाने कुठे आहे, हा खरा प्रश्न असल्याचे ते सुचवितात. पाळतीने पहिला प्रश्न सुटतो, दुसरा अधिक बिकट होतो. त्याच वेळी मला हेही मान्य आहे की मनाचा शोध घ्यायला वेळ लागतो. फुलांची पाटी घेऊन पहाटेच्या अंधारात दादर गाठणारा बाप आणि सकाळच्या गर्दीत लोंबकळत चर्चगेटला जाणारी आई यांच्यापाशी वेळ कितीसा उरणार? त्यांना आळशी म्हणायचा अधिकार जेवण तयार मिळणाऱ्या धर्मगुरूला नाही.

आम्ही काही बदल केले, ते सांगतो. त्यांत क्रांतिकारक काही नाही. आठवड्यातील तीन संध्याकाळी चर्चच्या आवारात मंडळाचे काहीही ठेवायचे नाही, असे ठरले. नाटकवाले रागावले, आणि त्या वर्षी नाटक खरोखरच पडले. महिन्याची एक सभा सभासदांपैकी कोणाच्या तरी घरी भरू लागली. पहिला तास यजमान आईवडील सोबत बसत, दुसऱ्या तासाला ते उठून आत जात. तेथे जे बोलले जाईल ते नंतर विचारायचे नाही, हा नियम. पहिल्या घरी यजमानांनी आपल्या तरुणपणच्या फुटबॉलवर पाऊण तास व्याख्यान दिले आणि पोरे जांभया देत बसली. तिसऱ्या घरी एका आईने धीर करून विचारले, "तुम्ही आमच्याशी का बोलत नाही?" बराच वेळ कोणी उत्तर देईना. मग तिचीच मुलगी म्हणाली, "तू विचारतेस तेव्हा तुझं उत्तर ठरलेलं असतं." आई रडली नाही, रागावली नाही. "असेल," एवढेच म्हणाली आणि चहा टाकायला उठली. माझ्या मते त्या वर्षातली ती सर्वांत यशस्वी सभा.

ज्या गृहस्थांमुळे हे सारे सुरू झाले त्यांच्या घरी मी काही आठवड्यांनी गेलो आणि माझ्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. मुलाने सांगितलेले तेव्हाही सांगितले नाही. मात्र त्याआधी मी मुलाला विचारले होते, "वडिलांना यातले काही सांगू का?" तो म्हणाला, "नको फादर. मी सांगेन." कधी, ते त्याने सांगितले नाही. वडिलांना मी इतकेच म्हणालो, "तो तुमच्याशी बोलणार आहे. तुम्ही थांबा." त्यांनी विचारले, "किती दिवस?" माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि या वेळी मी देवाचे नाव घेतले नाही.

पुढच्या जूनमध्ये माझी बदली झाली. सामान टेम्पोत चढवायला मंडळाची मुले आली, त्यांत तो होता. थोड्या वेळाने त्याचे वडीलही आले. पुस्तकांचे जड कपाट दोघांनी दोन बाजूंनी धरून जिन्यावरून खाली आणले. "जरा तिरकं कर," वडील म्हणाले. "धरलंय बाबा, तुम्ही सोडू नका," तो म्हणाला. त्याने ते सांगितले होते की नाही, हे मी दोघांपैकी कोणालाही विचारले नाही.