बाळाच्या नावात आई कुठे आहे?

शिरूर-दौंड भागात हल्ली पाळण्यामागच्या फ्लेक्सवर आई-बाबांच्या नावांतली अक्षरं जुळवून केलेलं नाव हमखास दिसतं. स्वप्नीलचा ‘स्व’, राणीचा ‘रा’, मुलगी झाली स्वरा. ही रीत मला मनापासून आवडते. राशीच्या अक्षरापेक्षा जन्मदात्यांच्या नावांतलं अक्षर कधीही मोलाचं. पिढ्यान् पिढ्या मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागलं, आडनाव लागलं. आई कुठेच नव्हती. आता निदान एका अक्षरापुरती तरी आली.

पण खरंच आली का? अजूनही कितीतरी लग्नघरांत ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. नवऱ्याच्या नावाला शोभावी म्हणून राणीची ‘स्वप्नाली’ होते. मग दोघांची अक्षरं जुळवायला बसलं, की दोन्हीकडून स्वप्नीलच निघतो! ज्या नावाने ती शाळेत हजेरी देत आली, जे दहावीच्या गुणपत्रिकेवर छापलं गेलं, ते एका दुपारीत पुसलं जातं. तिला कुणी विचारत नाही.

दौंड तालुक्यातलंच केडगाव पाहा. पंडिता रमाबाईंनी विधवांना आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलींना इथल्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. त्यांनी १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्यानंतरही त्या रमाच राहिल्या. १८८१ मध्ये झालेल्या त्यांच्या मुलीचं नाव मनोरमा. मनोरमा मेधावी या नावात आई अख्खी आहे आणि वडीलही आहेत. पुढे हीच लेक केडगावच्या कामात आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

नाव म्हणजे घराने बाळाला दिलेला पहिला शब्द. सातारा जिल्ह्यात नको असलेल्या मुलींना ‘नकुशी’ म्हणत. २०११ मध्ये तिथे अडीचशेहून अधिक मुलींची ही नावं बदलावी लागली. म्हणून जोडनावाची हौस करायची तर ती तिसऱ्या मुलीच्या वेळीही तितकीच करा.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवला आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. बाळाचं नाव मात्र पुढे वर्षभर विनाशुल्क घालता येतं. घाई नाही. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाण्याआधी बाळंतिणीशेजारी बसा आणि तिचं कोणतं नाव लिहायचं, ते तिलाच विचारा.