नकाशावरचा उत्तरेचा बाण

भंडाऱ्यात, तुमसरला किंवा साकोलीला इंजिनियरकडून घराचा नकाशा हाती आला की त्याच्या कोपऱ्यात उत्तर दाखवणारा एक छोटा बाण असतो. पुढची सगळी चर्चा त्या बाणाभोवती फिरते. मोबाइलवर फोटो निघतो आणि तो नागपूरच्या वास्तुतज्ज्ञाकडे जातो, जावईबापूंकडे जातो, गुरुजींकडे जातो. उत्तरं ठरलेली असतात. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, कर्त्याची खोली नैऋत्येला, आणि ईशान्येला संडास चुकूनही नको. ज्या बाईला त्या स्वयंपाकघरात जन्म काढायचा आहे, तिला ओटा कुठे हवा, हे विचारायचं तेवढं राहून जातं.

सल्ला विचारण्यात गैर काहीच नाही. कागदावर चूक दुरुस्त करायला खोडरबर पुरतं, कॉलम उभे राहिल्यावर तीच चूक लाखात जाते. प्रश्न आहे तो सल्ल्याच्या आधाराचा. माणसाच्या वाट्याला येणारं सुखदुःख भिंतींच्या दिशेवर ठरतं, असं आपला धर्म खरंच मानतो का?

परंपरेत याला मोठी कथा आहे. मत्स्यपुराणात अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक अक्राळविक्राळ पुरुष जन्मला. देवांनी त्याला पालथा पाडून जमिनीवर दाबून धरलं आणि ज्याने जो अवयव दाबला तो तिथेच राहिला. हा वास्तुपुरुष. जागेचे ९ गुणिले ९ असे ८१ चौकोन पाडून त्यांत ४५ देवता बसवायच्या आणि मधलं ब्रह्मस्थान मोकळं ठेवायचं. चौसोपी वाड्याला हे शोभतं. पण ग्रामीण घरकुल योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलं आहे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, आणि चूल मांडायची जागाही त्यातच. पाच मीटर गुणिले पाच मीटरच्या त्या घराचे ८१ भाग केले तर एकेक चौकोन पावणेदोन फुटांच्या थोडा वर भरतो. तेवढ्यात धानाचं पोतंसुद्धा आडवं मावायचं नाही. ब्रह्मस्थानाचे नऊ चौकोन मोकळे सोडायचे म्हटले, तर बाज कुठे टाकायची?

त्याहून अडचणीची गोष्ट सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. वास्तुविद्येवरच्या तिच्या प्रकरणात घराची रुंदी वर्णानुसार ठरते. ब्राह्मणाला ३२ हात, मग चार-चार हातांनी उतरत क्षत्रियाला २८, वैश्याला २४, शूद्राला २०, आणि त्याखालच्यांना १६. जमिनीचा रंगही वर्णाप्रमाणे पांढरा, तांबडा, पिवळा, काळा. आजचा वास्तुतज्ज्ञ यातलं काहीच सांगत नाही, आणि ते बरंच आहे. पण हे वगळायचं आणि आग्नेयेचं स्वयंपाकघर मात्र सनातन सत्य म्हणून ठेवायचं, ही निवड कुणी केली? शास्त्रानं तर नाहीच.

कर्मसिद्धान्ताशी तर याचं उघड भांडण आहे. पेरलं तेच उगवत असेल, तर संडासाची जागा बदलून पीक कसं बदलेल? परंपरेचं यावर उत्तर आहे: दोष असतो तसा उताराही असतो, म्हणून वास्तुशांत. उत्तर प्रामाणिक आहे, कारण त्यात निदान नम्रता आहे. जमीन खणली, किडामुंगी मेली, झाड तोडलं, त्याची क्षमा मागायची. तांब्याचे पिरॅमिड विकणाऱ्याकडे ही क्षमा नसते, फक्त दरपत्रक असतं. आणि कायदा इथे आड येत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं वास्तुशास्त्राचा सल्ला स्पष्ट शब्दांत वगळला आहे, तोही जोशी आणि नंदीबैलवाल्या ज्योतिषांच्या सोबतीला बसवून. हे शेजार वातानुकूलित ऑफिसातल्या तज्ज्ञांना कितपत रुचेल, कोण जाणे.

तरीही लोक विचारतात, आणि ते निव्वळ भोळेपणानं नव्हे. दोन भावांचं एकत्र घर निघालं की पुढची खोली कुणाची, सपरी किती सोडायची, बोअर कुणाच्या बाजूला, यावरून बोलाचाली ठरलेली. तिथे वास्तू हे असं न्यायालय होतं, ज्याच्यावर अपील नाही. नैऋत्येची खोली मोठ्याला मिळते आणि धाकट्याला ती भावानं हिसकावली असं म्हणता येत नाही, दिशेनं दिली म्हणायचं. एखादी हुशार सून अंधारं मागचं स्वयंपाकघर टाळायला हेच शास्त्र पुढे करते: आग्नेयेला पाहिजे म्हणतात ना, मग पुढच्या अंगाला उजेडात काढा. जे तिला स्वतःच्या तोंडानं मागता आलं नसतं, ते ती अग्निदेवाच्या नावानं मिळवते. वास्तूचा खरा उपयोग इथे आहे, आणि तिच्यावरचा खरा आक्षेपही इथेच आहे. माणसांनी एकमेकांना विचारायचे प्रश्न ती परस्पर मिटवून टाकते.

या जिल्ह्यातल्या हजारो घरांना हे न्यायालय मुळातच मान्य नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढवली आणि ते हरले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात धम्मदीक्षा झाली. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांमधली एक. त्यामुळे बौद्धांच्या नव्या घरात वास्तुशांत नसते, वंदना आणि परित्राणपाठ असतो. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात वास्तुविद्येवर पोट भरणं भिक्षूंसाठी त्याज्य ठरवलं आहे. पवनीला १९६९-७० च्या उत्खननात जे स्तूप सापडले, ते वराहमिहिराच्या कित्येक शतकं आधीचे. म्हणजे हा नकारही या मातीत जुनाच आहे. अर्थात प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही ‘दक्षिणमुखी प्लॉट जरा स्वस्तात मिळतो’ हे कुजबुजत सांगणारे भेटतात. बाजारभावाला दीक्षा देता येत नाही.

त्याच पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला त्याची पायाभरणी केली आणि वैनगंगेच्या फुगवट्याखाली गावंच्या गावं गेली. पुनर्वसनाच्या गावठाणात प्लॉट सरकारी आखणीनं पडतात. पूर्व-पश्चिम रस्ता काढला की त्याच्या एका बाजूची सगळी घरं उत्तरेला तोंड करणार, समोरची सगळी दक्षिणेला. दारं यमाच्या दिशेला उघडतात म्हणून अख्खी रांग बुडाली पाहिजे आणि समोरची तरली पाहिजे. प्रत्यक्षात या माणसांना भोगावं लागलं ते मोबदला, शेती आणि पिण्याच्या पाण्यापायी, आणि ते दोन्ही रांगांना सारखंच.

दिशा निरर्थक आहे असं मात्र नाही. भंडारा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलून पंचेचाळीस अंशांवर येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा दिला की उन्हाळ्यात सावली आणि थंडीत ऊब, दोन्ही साधतात. ज्या दक्षिणेला लोक घाबरतात ती इतकी सोयीची. छळते ती पश्चिम: मे महिन्यात चार वाजता तिरपं येणारं ऊन छज्ज्यालाही दाद देत नाही. जुन्या कवेलूच्या घरांना पुढेमागे सपरी असायची, मातीची जाड भिंत असायची. स्लॅबच्या घरानं दोन्ही घालवलं आणि कूलर आणला.

नकाशाची परीक्षा खरी होते ती चुन्याची फक्की टाकून जमिनीवर आखणी होते तेव्हा. कागदावर दहा बाय दहा दिसणारी खोली उघड्या प्लॉटवर हमखास खुराड्यासारखी वाटते. ‘एवढीशीच?’ हा पहिला शेरा घरातल्या बायांचा. मग आजी रेघांमधून चालून पाहते, रात्री संडासला जायला किती पायऱ्या, हे विचारते. धान ठेवायची जागा नकाशात नाहीच, हेही तेव्हाच ध्यानात येतं.

आणि जोतं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहरासकट नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या पाण्यानं कुणाचं दार कुठल्या तोंडाचं, हे पाहिलं नाही. जोतं किती फूट उंच, एवढंच पाहिलं. त्या उंचीबद्दल विचारतो तो बहुधा मिस्त्री, तेही पाया भरून झाल्यावर, सिमेंटचा हिशेब करताना.